सभासद क्रमांक सत्तावन्न

वर्षालीने पेन्सिलीचं मागचं टोक नोंदवहीतल्या एका ओळीवर ठेवलं, मग त्याच्या खालच्या ओळीवर, मग पान उलटून आणखी एका ओळीवर, आणि वर न पाहताच विचारलं,

"काकाजी, हे सत्तावन्न नंबरचे सभासद कोण?"

गोवर्धनभाऊंनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा उतरवला आणि पुन्हा पुसला. एवढ्या वेळात एखादं बरं उत्तर सुचायला हरकत नव्हती. हिवरखेडच्या चौकात उभ्या उभ्या त्यांनी याहून अवघड प्रश्न निकालात काढले होते. वाचनालयातल्या वाळवीला मराठी कळतं का, या विषयावर ते एकदा पाऊण तास बोलले होते, आणि कळतं, पण जोडाक्षरं तिला पचत नाहीत म्हणून ती सोडून देते, असं ठरवूनच उठले होते.

पण आज जागा परकी होती. अकोल्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या मागच्या अंगाची ही खोली. लोखंडी रॅकवर आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांची जुनी दप्तरं आणि बाद झालेली पुस्तकं लाल फडक्यात बांधून ठेवलेली. दारातच त्यांची पिशवी काढून घेतली होती. पेनही काढून घेतलं होतं, कारण इथे पेन्सिलच चालते. अडतीस वर्षं गावच्या वाचनालयात त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सह्या घेतल्या, आणि आज त्यांनाच वाकून सही करावी लागली होती. 'येण्याचा उद्देश' या रकान्यात त्यांनी 'सहज' असं लिहिलं होतं.

ते काही खरं नव्हतं. वर्षाली अमरावतीची. खेड्यातल्या बायका काय वाचतात यावर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. नोंदवह्यांखाली 'ग्रंथपाल' म्हणून सही कुणाची, याचा माग काढत तिने त्यांना फोन केला आणि 'मी हिवरखेडला येते' म्हणाली. 'तू कायले तरास घेतं, पोरी, मीच येतो अकोल्याले,' असं म्हणून गोवर्धनभाऊ पहाटेच्या बसने निघाले होते. उद्देश एवढाच, की ही पोरगी गावापर्यंत पोचू नये.

"सत्तावन्न," ते म्हणाले. "असन कोणी. गंज सभासद होते. कोणी मेले, कोणी सुरतेले गेले."

"सौ. स. गो. येऊल," वर्षालीने वाचलं. "तुमचंच आडनाव."

"आमच्या गावात गोटा फेकला तं येऊलाच्याच घरावर पडते."

"आणि गो. म्हणजे?"

"गोविंद," गोवर्धनभाऊ म्हणाले. थोडं थांबून त्यांनी भर घातली, "गोपाळबी असू शकते."

"गोवर्धन काहून नाई?"

हे विचारलं कुंदनने. कुंदन त्या खोलीचा राखणदार. कोपऱ्यात बसून तो खळ लावलेली कागदाची पट्टी एका फाटक्या पुठ्ठ्यावर चिकटवत होता आणि त्याचं आपल्याकडे लक्ष नाही, असा गोवर्धनभाऊंचा समज होता.

"बायको हाय माही," गोवर्धनभाऊ अखेर म्हणाले. जुनं दुखणं डॉक्टरला सांगावं तशा आवाजात.

वर्षालीने नोंदवही मिटली. मग पुन्हा उघडली, जणू मिटल्यावर आतली माणसं पळून जातील. तिच्यासमोर अशा अकरा नोंदवह्या होत्या.

"काकूंनी सव्वीस वर्षांत अकराशे त्रेचाळीस पुस्तकं वाचली?"

"लिहेल तं तेवढेच हायेत," गोवर्धनभाऊ म्हणाले. सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.

"आणि सह्या सगळ्या एका वळणाच्या," कुंदन पट्टी दाबत म्हणाला.

"एकच बाई हाय तं वळण एकच राहीन ना, लेका! का दर आठवड्याले बदलवन ती?"

वर्षाली हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. सत्तावन्न नंबरच्या सभासद-अर्जाचा पिवळा कागद तिने पुढे सरकवला. शिक्षण, चौथी. व्यवसाय, भाजीविक्री.

"काकाजी, माझं चौथं प्रकरण पूर्ण या एका बाईवर उभं आहे. दोन वर्षं मी हिला शोधून राहिली. अमरावतीला माझे सर म्हणतात, असा वाचक नसतो, ही वही फुगवलेली आहे. एकतर बाई समोर आण, नाहीतर प्रकरण काढून टाक. शुक्रवारी प्रबंध द्यायचा आहे." तिने कागद परत आपल्याकडे ओढला. "आज तुमच्यासोबतच येते मी. काकूंना भेटते."

"तिले ऐकू येत नाई."

"मग मी प्रश्न लिहून देईन. एवढं वाचणाऱ्या बाईला वाचायला काय जड जाणार?"

कुंदनच्या हातातली पट्टी तिरपी चिकटली. गोवर्धनभाऊंनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. आयुष्यभर त्यांनी भिंती रचल्या होत्या. स्वतःच रचलेल्या भिंतीवर त्यांचं डोकं आज पहिल्यांदा आपटलं.

अकोटमार्गे जाणारी बस अर्धी रिकामी होती. वर्षाली खिडकीशी बसली, वही मांडीवर घेऊन. गोवर्धनभाऊ बाजूला बसले आणि आपल्या पापाचा हिशोब मनात पहिल्यापासून मांडू लागले.

झालं होतं ते असं. फार वर्षांपूर्वी वाचनालयाच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, महिला वाचक किती? गोवर्धनभाऊ म्हणाले, येतात ना साहेब, पण लाजतात, पुस्तकं घरी नेऊन वाचतात. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी नावं दाखवा, नाहीतर वाचनालयाचा वर्ग खाली येईल आणि अनुदान घटेल. दुसऱ्याच दिवशी सत्यभामेच्या नावाचा अर्ज भरला गेला आणि सत्तावन्न क्रमांकाचं कार्ड तयार झालं. ते त्यांनी घरच्या पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डाखाली टाकून दिलं. तिला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढे ज्या आठवड्यात देवघेवीची वही फार कोरी दिसे, त्या आठवड्यात सत्तावन्न क्रमांक धावून येई.

मात्र गोवर्धनभाऊंच्या खोट्यालाही शिस्त होती. वहीत पुस्तक बाहेर गेलं म्हटलं की ते खरंच बाहेर गेलं पाहिजे. रॅकवर बसून राहिलेल्या पुस्तकाला बाहेरगावी दाखवणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून ते पुस्तक पिशवीत घालून घरी नेत, फळीवर ठेवत आणि आठ दिवसांनी, मुदतीच्या आत, परत आणत. दंड म्हणून सत्तावन्न क्रमांकाला कधी झाला नाही.

आणि घरी आलेल्या पुस्तकाचं काहीतरी करायला हवं म्हणून ते संध्याकाळी सत्यभामेला त्यातली गोष्ट सांगत. ती भाजीच्या जुड्या बांधत असे. गोवर्धनभाऊंना वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली वीस पानं पाठ होती. पुढची वाचायला सवड कुणाला? शिवाय पुढचं त्यांना लिहिणाऱ्यापेक्षा बरं सुचे.

आता त्या बाईसमोर ही पोरगी जाऊन बसणार. आणि सत्यभामा कशी? तर गिऱ्हाइकाने वांगं उचललं की, 'थे कालचं हाय, आजचं इकडं हाय,' असं आपणहून सांगणारी. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका तिच्यावर चिडत. जी वांग्यासाठी खोटं बोलत नाही, ती अकराशे त्रेचाळीस पुस्तकांसाठी कशाला बोलेल?

"पोरी," गोवर्धनभाऊ म्हणाले, "तुले एक खरं सांगू का?"

वर्षालीने चटकन मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्या तोंडासमोर धरला. त्या लाल ठिपक्याकडे पाहताच गोवर्धनभाऊंच्या जिभेला जुनी सवय आठवली.

"आमच्या वाचनालयात एक माकड होतं," ते म्हणाले. "सातपुड्यातून उतरे. दर गुरवारी येऊन एक पुस्तक न्यायचं आन् बरोबर आठव्या दिवशी वापस आनायचं. एक डाव नवव्या दिवशी आलं, तं सोबत दोन केळं होते. दंडाचे."

वर्षालीच्या पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून बसला. अकोट येईपर्यंत गोवर्धनभाऊंनी वादळात उडालेल्या वर्तमानपत्राचीही हकिकत सांगितली, जे नरनाळ्याच्या किल्ल्याला वळसा घालून दुसऱ्या दिवशीची बातमी घेऊन परत आलं होतं. दोनदा त्यांनी खऱ्याकडे गाडी वळवली आणि दोन्ही वेळा ती आपोआप त्या माकडाकडेच गेली.

हिवरखेडला उतरून दोघं गल्लीच्या तोंडाशी आली. घर दिसू लागलं. कुंपणाला लावलेलं पत्र्याचं फाटक, आत सपरी म्हणजे घराची पुढची पडवी, सपरीत पाठमोरी बसलेली सत्यभामाबाई. दोघं फाटकाशी पोचली. आता मात्र गोवर्धनभाऊ थांबले.

"वर्षाली," ते म्हणाले. पोरीला त्यांनी पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "थे नावं मी लिहिले. माया हातानं. तिनं त्यातलं एकबी पुस्तक वाचलं नाई. तिले फक्त बसची पाटी वाचता येते. आता तू वापस जाय."

वर्षाली क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग इतकी हसली की तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला.

"काकाजी, हे तर माकडापेक्षाही भारी आहे," ती म्हणाली आणि कडी काढून आत गेली.

सपरीत बारदान्यावर मेथीचा ढीग होता. सत्यभामाबाई मूठ मूठ मेथी घेऊन, मुळं सारखी करून, केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीने बांधत होत्या. बाजूला सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, बांधलेल्या जुड्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेल्या. त्यांनी मान वर केली.

"कोण हाय वं ही पोरगी?"

"अमरावतीची हाय," गोवर्धनभाऊ दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले. "पुस्तकाचं इचाराले आली. तुले बरं नसन तं नोको बोलू."

"मले काय झालं? बस, माय. आंधी पानी पे."

वर्षालीने त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्याने सुरुवात केली, "काकू, मी..."

"एवढी काहून वरडतं, माय? मले ऐकू येते."

वर्षालीने गोवर्धनभाऊंकडे पाहिलं. गोवर्धनभाऊंनी बाजूला ठेवलेल्या शेंगदाण्यांच्या ताटलीकडे पाहिलं, एक मूठ उचलली आणि ती मूठ तशीच धरून ठेवली.

"काकू, तुम्ही वाचनालयातून पुस्तकं न्यायच्या ना?"

"मी? मी तं कधी वाचनालयाची पायरी चढली नाई."

पेन्सिल थांबली. गोवर्धनभाऊंनी डोळे मिटले. आता होऊन जाऊ दे, असं त्यांना वाटलं. दाढ उपटताना वाटतं तसं.

"पुस्तकं घरी येत," सत्यभामाबाई मेथीची मुळं झटकत म्हणाल्या. "हे आनत."

"आणि ती तुम्ही...?"

"वाचत होती ना. नाई तं काय, पुस्तकाची भाजी करत होती?"

गोवर्धनभाऊंनी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हे, की बायकोने आपल्यासाठी खोटं बोलायला सुरुवात केली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आणि आज ही बाई आपल्यासाठी पडती बाजू सावरून घेते आहे! त्यांचा ऊर भरून आला. लगेच भीतीही वाटली, कारण सराव नसलेल्या माणसाचं खोटं फार लवकर पकडलं जातं.

वर्षालीही तयारीने आली होती. सत्तावन्न क्रमांकाने नेलेल्या पुस्तकांपैकी दहा तिने अकोल्याच्या रॅकवरून शोधून स्वतः वाचली होती. तिने वही उघडली.

"दाखल क्रमांक चारशे बारा. जंगलखात्यातल्या साहेबाची कादंबरी. आठवते?"

"हिरव्या पुठ्ठ्याची. तिच्या पंच्याऐंशी पानावर हळदीचं बोट हाय. मायंच हाय थे."

वर्षालीने वहीत काहीतरी पाहिलं. तिने पाहिलेल्या पुस्तकावर तो डाग होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"शेवटी काय होतं त्यात?"

गोवर्धनभाऊंना ही गोष्ट चांगली आठवत होती, कारण ती त्यांच्या उत्तम गोष्टींपैकी होती. साहेब वाघाला माणसाळवतो, खाकी डगला घालून त्याला वनरक्षक करतो आणि शेवटी वाघ निवृत्त होतो तेव्हा सगळं अकोट त्याच्या मिरवणुकीला येतं. ते जीव मुठीत धरून ऐकू लागले. आता ही वाघाला काढणार.

"साहेबाची बदली होते," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नव्हता. मूठ, झटका, दोरी, गाठ. "बंगल्याचा एक म्हातारा नोकर राहते त्याच्यापाशी. अकरा वर्सं त्याचा सैपाक करते, पाय दाबते. साहेब त्याले नुसता 'अरे' म्हणते. मंग टेसनवर गाडीत बसल्यावर साहेबाच्या ध्यानात येते का आपल्याले याचं नावच माईत नाई. खिडकीतून वाकून इचारते, तुयं नाव काय रे? थो सांगते. पन गाडी सुटली राहते. आवाजात ऐकूच येत नाई." त्यांनी गाठ मारली. "तठीच संपते."

 शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"बरोबर आहे," वर्षाली हळू म्हणाली. "शब्दन् शब्द."

गोवर्धनभाऊंच्या मुठीतले शेंगदाणे एकेक करून ताटलीत पडत होते. त्यांना ते कळलं नाही. दाखल क्रमांक चारशे बारा त्यांनी स्वतः रजिस्टरात चढवलं होतं, त्याच्यावर शिक्का मारला होता, दोनदा बांधणी करून आणली होती. त्याचा शेवट ते आज ऐकत होते.

वर्षालीने आणखी तीन पुस्तकं विचारली. एका पुस्तकाबद्दल सत्यभामाबाई म्हणाल्या की मधला भाग उगाच लांबवला आहे, आणि एकाबद्दल म्हणाल्या की लिहिणाऱ्याने शेतातलं काम कधी केलं नसावं, कारण त्यातली बाई निंदण उभ्याने करते. वर्षाली हे सगळं भराभर लिहून घेत होती. मग तिने पेन्सिल खाली ठेवली.

"काकू, तुम्ही चौथी शिकलेल्या. एवढं वाचायची गोडी कशी लागली?"

"गोडी कायची, माय. पयले तं धाकच होता." सत्यभामाबाईंनी मान किंचित कलती केली, घराच्या आतल्या बाजूला. "डब्यात एक कार्ड सापडलं. त्याच्यावर मायं नाव आन् सत्तावन्न आकडा. मंग घरी पुस्तक आलं, त्याच्या मांगं तारखेची चिठ्ठी चिपकवेल राहते ना, त्याच्यावरबी सत्तावन्न. म्हटलं, हे तं माया नावावर आनलं. आता माया नावानं आलेलं पुस्तक न वाचता वापस कसं धाडू? थे खोटं झालं असतं."

गोवर्धनभाऊ चौकटीपासून हलले आणि येऊन बारदान्याच्या काठावर बसले. पाय दुखत असावेत.

"पयलं पुस्तक आठ दिवसात निम्मंबी झालं नाई," त्या पुढे म्हणाल्या. "अक्षरं जुळवत बसाव लागे. आन् हे तं मुदतीचे पक्के, घेऊन गेले वापस. म्हणून मी यायले इचारलं, शेवटी काय होते? यायनं सांगतलं का थो माणूस हत्तीवर बसून घरी आला. दोन वर्सानं तेच पुस्तक पुन्हा आलं. तवर मले बरं वाचता ये. शेवटचं पान पाह्यलं तं हत्ती नोताच."

"मग तुम्ही काकाजींना म्हटलं नाही काही?"

"काहून म्हणू? हत्ती चांगला होता."

त्या पहिल्यांदाच थांबल्या. पदराने कपाळ पुसलं.

"हे वाचनालयात गेले का मी वाचून घ्यायची. संध्याकाळी हे सांगत. वाचलं थे एक, सांगतलं थे दुसरं. एका पुस्तकात दोन भेटत. मी काहून सोडू?"

वर्षालीला हसावं की लिहावं कळेना. तिने दोन्ही केलं. मग वहीतलं शेवटचं पान काढून म्हणाली,

"म्हणजे एकूण अकराशे त्रेचाळीस वेळा पुस्तक घरी आलं. एवढं बरोबर आहे ना?"

"नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अकराशे एक्केचाळीस."

गोवर्धनभाऊंनी मान खाली घातली.

"दोन पुस्तकांच्या मांगं सत्तावन्न आकडा दोनदा पडेल होता. घरी मात्र एकेक डावच आले." त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या. "एक डाव मले वाटते पाय मुरगळला होता यायचा. दुसऱ्या डावाचं माईत नाई."

दुसऱ्या वेळी पिशवी घरी विसरली होती. सव्वीस वर्षांत शिस्त फक्त दोनदा मोडली होती आणि गोवर्धनभाऊंना वाटत होतं की ते दोन गुन्हे त्यांच्यासोबतच जातील. वर्षालीने आकड्यावर काट मारली आणि वर नवा आकडा लिहिला. मग संमतीचा कागद पुढे केला. सत्यभामाबाईंनी हात पुसून, कागद आधी पूर्ण वाचून, खाली सही केली. लहान, घट्ट, एकमेकांना धरून उभी राहिलेली अक्षरं. नोंदवहीतल्या लांब शेपट्यांच्या सह्यांशी त्यांचं काही नातं नव्हतं. वर्षाली त्या सहीकडे बराच वेळ पाहत राहिली, मग तिने गोवर्धनभाऊंकडे पाहिलं.

"फाटकाशी तुम्ही खरं सांगत होता, काकाजी."

"अर्धं," गोवर्धनभाऊ म्हणाले. "अर्धं मलेच माईत नोतं."

"मग मी असं लिहिते. नोंदी ग्रंथपालांनी केल्या, वाचन सभासदाने केलं. सरांना काय म्हणायचं ते म्हणू दे." तिने वही बंद केली. "प्रकरण राहील. पहिल्यापेक्षा मोठं होईल."

चहा झाला. जाताना सत्यभामाबाईंनी तिच्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घातल्या आणि एक बाजूला काढली. ती सकाळची असल्याने कोमेजली होती. गोवर्धनभाऊ तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. बस येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. वर्षालीने दोनदा माकडाचा विषय काढून पाहिला.

परत आले तेव्हा ऊन सपरीच्या काठावर आलं होतं. मेथीचा ढीग अजून अर्धा होता. ते समोर बसले, एक मूठ उचलली, मुळं सारखी केली. दोरी गुंडाळली ती सैल पडली. सत्यभामाबाईंनी ती जुडी त्यांच्या हातातून घेतली, सोडली, पुन्हा बांधली.

"एवढे वर्सं म्हटलं नाई तू कधी," गोवर्धनभाऊ म्हणाले.

"म्हटलं असतं तं तुमी पुस्तकं वाचाले लागले असते," त्या म्हणाल्या. "मंग तुमी जे हाय तेच सांगतलं असतं. थे तं मी वाचेलच होतं."

गोवर्धनभाऊंनी दुसरी मूठ उचलली. ते निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या दिवशी शेवटचं पुस्तक परत केलं आणि संध्याकाळी घरी रिकामी पिशवी आली. पुस्तक नाही तर सांगायचं कशाच्या आधारावर, असं त्यांना वाटलं. चौकात ते बोलत राहिले; घरी बोलणं दुधाचं, बाजाराचं, गुडघ्याचं.

"त्या शेवटच्या पुस्तकातली बाई," सत्यभामाबाई म्हणाल्या, "तुमी सांगत होते थे. इहिरीच्या काठावर उभी होती. नऊ वर्सं झाले, उभीच हाय."

"तुले माईत असन ना पुढचं. वाचलं असशीन."

"वाचलं ना. त्यात ती बादली भरते आन् घरी जाते." त्यांनी गाठ मारून दोरी दातांनी तोडली. "तुमच्यात काय करते?"

गोवर्धनभाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. मेथीचा ढीग थोडा आपल्याकडे ओढून घेतला.

"ती वाकून पाह्यते," ते म्हणाले.  मुठीतली मुळं त्यांनी सारखी केली. "वाकून पाह्यते, तं खाली पानीच नाई. खाली अकोल्याचं टेसन हाय. सगळे दिवे लागेल. आन् एक गाडी उभी हाय, आन् खिडकीतून एक साहेब अर्धा भाईर निंगेल, कानाले हात लावून."

"हाव?" सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पुढची मूठ हातात घेतली. "गाडी सुटून नाई राह्यली?"

"या डाव नाई," गोवर्धनभाऊ म्हणाले. "या डाव गाडी थांबेल हाय."